‘मिसेस बिग्ज’ : दरोडेखोराच्या बायकोचा वाटा किती?

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ५ सप्टेंबर २०१२ रोजी ‘मिसेस बिग्ज’ सुरू झाली. पाच भागांची मालिका. लेखन जेफ पोप यांचं, दिग्दर्शन पॉल व्हिटिंग्टन यांचं. चार्मियन बिग्जच्या भूमिकेत शेरिडन स्मिथ, तिचा नवरा रॉनी बिग्ज याच्या भूमिकेत डॅनियल मेज. पुढच्या वर्षी शेरिडनला या कामाबद्दल सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. मालिकेच्या पाठीमागे आहे १९६३ सालचा, ‘ग्रेट ट्रेन रॉबरी’ म्हणून गाजलेला आगगाडीवरचा दरोडा. गुन्ह्याची इतकी चघळून चोथा झालेली गोष्ट ब्रिटनमध्ये दुसरी क्वचितच असेल. त्यावर पुस्तकं निघाली, सिनेमे आले, दरोडेखोरांनी आठवणी लिहिल्या, पोलिसांनीही लिहिल्या. पोप यांनी मात्र पाचही भाग अशा बाईच्या हवाली केले, जी त्या रात्री दरोड्याच्या जागेपासून लांब आपल्या घरी होती आणि जिला नवऱ्याने सांगितलं होतं की विल्टशरमध्ये झाडं तोडायचं काम मिळालंय.

गुन्हेगाराच्या बायकोची गोष्ट सांगणाऱ्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, ती बिचारी, भोळी, नशिबाने फसलेली. दोन, ती सगळं जाणून गप्प बसलेली आणि लुटीच्या पैशावर सुखात राहिलेली. चार्मियन या दोन्हींत बसत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही मालिका चार्मियनने घेतलेल्या निर्णयांचा हिशेब ठेवते तिथे फार वरच्या दर्जाची आहे. ‘तिला जे दिसलं तेवढंच आम्ही दाखवणार’ या नियमाआड ती लपते, तिथे कमी पडते.

दरोड्यातला रॉनी

८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे तीनच्या सुमारास ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी बकिंगहॅमशरमध्ये लाल सिग्नल पाहून थांबली. सिग्नल बनावट होता. हिरव्या दिव्यावर हातमोजा चढवला होता आणि लाल दिवा बॅटरीवर पेटवला होता. टोळीने इंजिन आणि पुढचे डबे बाकीच्या गाडीपासून तोडले, थोडं पुढे ब्रिडेगो पुलापाशी नेले आणि माणसांची साखळी करून टपालाच्या थैल्या खाली गाड्यांत उतरवल्या. सुमारे २६ लाख पौंड, त्यातल्या बहुतेक वापरलेल्या नोटा. बंदूक कुणाकडेच नव्हती. या एका गोष्टीवर पुढे ‘सभ्य दरोडेखोर’ ही दंतकथा उभी राहिली. पण इंजिनचालक जॅक मिल्स यांच्या डोक्यात लोखंडी कांबीचा घाव बसला होता. त्याकडे पुढे यायचंच आहे.

या सगळ्यात रॉनीचं काम काय होतं? तो रेडहिलचा सुतारकाम-बांधकाम करणारा गडी. तरुणपणापासून तुरुंगात ये-जा चाललेली, आणि टोळीचा म्होरक्या ब्रूस रेनॉल्ड्स जुन्या ओळखीतला. घर घ्यायचं म्हणून त्याने रेनॉल्ड्सकडे ५०० पौंड उसने मागितले. उसने मिळाले नाहीत, कामात वाटा मिळाला. रॉनीच्या ओळखीत एक निवृत्त इंजिनचालक होता. त्याला घेऊन यायचं आणि त्याच्याकडून गाडी पुलापर्यंत न्यायची, एवढीच रॉनीची जबाबदारी होती. नेमक्या वेळी त्या म्हाताऱ्याला ते डिझेल इंजिन हलवता आलं नाही. शेवटी रक्ताने माखलेल्या मिल्स यांनाच पुन्हा जागेवर बसवून गाडी पुढे न्यायला लावली. म्हणजे ज्या एका कामासाठी रॉनीला घेतलं होतं तेच फसलं. तरीही वाटणीत त्याला सुमारे १,४७,००० पौंड मिळाले. दरोड्याच्या दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस होता.

मग हाच माणूस टोळीतला सगळ्यात प्रसिद्ध कसा झाला? लपण्यासाठी घेतलेल्या लेदरस्लेड फार्मवर पोलिसांना ठसे मिळाले. रॉनीचे ठसे केचपच्या बाटलीवर होते. १९६४ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश एडमंड डेव्हिस यांनी सात जणांना प्रत्येकी ३० वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांत रॉनी होता. खुन्यालाही इतकी वर्षं होत नाहीत, असं तेव्हा अनेकांना वाटलं आणि सहानुभूतीचं पारडं पहिल्यांदा झुकलं. ८ जुलै १९६५ ला तो दोरशिडीने वॉन्ड्सवर्थ तुरुंगाची भिंत चढून, पलीकडे उभ्या केलेल्या सामानवाहू गाडीवर उडी मारून निसटला. पुढे पॅरिसमध्ये चेहऱ्यावर शस्त्रक्रिया, मग ऑस्ट्रेलिया, मग ब्राझील. स्वतःहून ब्रिटनला परतला तो थेट २००१ च्या मे महिन्यात.

रॉनी बिग्जचं नाव झालं ते पळण्यामुळे, दरोड्यातल्या कर्तबगारीमुळे नव्हे. आणि इतकी वर्षं पळायचं तर मागे कुणीतरी पैसे सांभाळावे लागतात, निरोप पोचवावे लागतात, मुलांना खोटी नावं पाठ करून घ्यावी लागतात, पोलिस दारात आले की चेहरा सरळ ठेवावा लागतो. दरोडा पंधरा जणांनी घातला, पण फरारीपण एका घराने निभावलं. त्यामुळे कॅमेरा चार्मियनकडे वळवणं ही पोप यांची नुसती नावीन्याची हौस ठरत नाही. बिग्ज प्रकरणाचा मोठा भाग खरोखरच तिच्या स्वयंपाकघरात घडला होता.

कडेचं पात्र निवडण्याची रीत

पोप आयटीव्हीत सत्यकथांवर बेतलेल्या नाटकांचं काम वर्षानुवर्षं पाहत आले आहेत आणि हा कोन त्यांच्याकडे आधीपासून दिसतो. त्यांच्या निर्मितीखाली २००६ साली मूर्स हत्याकांडावर मालिका झाली, ती खुन्यांपैकी एक असलेल्या मायरा हिंडलीची बहीण आणि मेहुणा यांच्या बाजूने होती. २०११ साली फ्रेड वेस्ट या खुन्यावर दोन भागांचं नाटक झालं. त्यात केंद्रस्थानी होती पोलिस चौकशीच्या वेळी आरोपीशेजारी बसणारी स्वयंसेविका. खुनी मधोमध बसवला की प्रेक्षक त्याच्या मनात शिरायला जातो, आणि तिथे बहुधा शिरण्यासारखं फारसं नसतं. कडेचा माणूस बसवला की प्रश्न आपल्यावर उलटतो : मी त्या जागी असतो तर मला केव्हा कळलं असतं? कळल्यावर मी काय केलं असतं?

‘मिसेस बिग्ज’मध्ये मात्र एक मोठा फरक आहे. ती स्वयंसेविका योगायोगाने त्या खोलीत आली होती. हिंडलीची बहीण रक्ताच्या नात्याने ओढली गेली होती. चार्मियनने निवड केली होती, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

प्रत्येक वेळी तिला विचारलं गेलं

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे शाळेत जायच्या आधी कानावर पडते. नारद त्याला म्हणतात, घरी जाऊन विचार, तुझ्या पापात बायको वाटेकरी आहे का. बायको सरळ नाही म्हणते. पोसणं तुमचं काम, पाप तुमचं तुम्ही निस्तरा. या उत्तराने वाल्याचा वाल्मीकी होतो. चार्मियनची गोष्ट मला याच प्रश्नाची दीर्घ आवृत्ती वाटते. फक्त इथली बायको पहिल्यांदा विचारताच हो म्हणते.

ते पहिल्यांदा विचारणं दरोड्याच्या खूप आधीचं आहे. १९५७ मध्ये आगगाडीत दोघांची ओळख झाली. ती विशीच्या आतली, हेडमास्तरांची मुलगी. घरात शिस्त, बोलण्याचालण्याचे दंडक, मुलीबद्दल मोठ्या अपेक्षा. तो तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा, हसवणारा, उंचापुरा, तुरुंगात जाऊन आलेला. वडिलांचा कडवा विरोध. मग तिने जिथे नोकरी करत होती तिथलेच पैसे उचलले आणि त्याच्याबरोबर पळून गेली. पकडले गेल्यावर तो तुरुंगात गेला, ती बाहेर राहिली. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं.

या एका प्रसंगामुळे ‘भोळी बायको’ हा सगळा पर्याय मोडीत निघतो, आणि मालिका तो लपवत नाही ही तिची पहिली मोठी जमेची बाजू. दुसऱ्या एखाद्या लेखकाने गोष्ट १९६३ पासून सुरू केली असती. सुखी छोटं घर, दोन मुलं, अचानक दारात पोलिस. ती अधिक रडवणारी झाली असती आणि खोटीही. पोप आगगाडीतल्या भेटीपासून सुरुवात करतात तेव्हा चार्मियनबद्दलची आपली सहानुभूती लगेच अवघड होते. तिने केलेली चोरी घर चालवण्यासाठी नव्हती, बापाच्या घरातून सुटण्यासाठी होती. रॉनी तिच्या लेखी दरोडेखोर होण्याआधी दरवाजा होता.

दुसऱ्यांदा विचारलं गेलं ते पैसे घरात आल्यावर. विल्टशरच्या झाडांची थाप किती दिवस टिकणार? सगळ्या देशातली वर्तमानपत्रं दरोड्याने भरलेली आणि नवरा भलीमोठी रक्कम घेऊन परत आलेला. इथे चार्मियनला ‘कळतं’. पोलिसांकडे न जाणं हाही निर्णयच. पण त्या निर्णयाला नाट्य नसतं. कुणी शपथ घेत नाही, कुणी रडत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना भरवायचं असतं, परवा बिलं भरायची असतात. गुन्ह्यात सामील होणं बहुतेक वेळा असंच घडतं, नकार न देता निघून गेलेल्या दिवसांतून. अशा बिननाट्याच्या दिवसांना जागा द्यायची तर कथेला पाच भाग लागतातच. दोन तासांच्या सिनेमात ते दिवस पहिल्यांदा कापले जातात.

तिसरा निर्णय सगळ्यात जड. नवऱ्याला ३० वर्षं झाली आहेत, ती अजून पंचविशीच्या आसपास आहे, मुलं अगदी लहान. त्या घडीला तिला घटस्फोट घेऊन बाजूला होता आलं असतं. तिला फारसा दोष कुणी दिला नसता. ती उलट वाटेने गेली. सुटकेची योजना, त्यासाठीचा पैसा, मग १९६६ मध्ये खोट्या नावाने मुलांसह ऑस्ट्रेलिया. इथून पुढे ती प्रेक्षक उरत नाही, कायद्याच्या भाषेत बोलायचं तर ती साथीदार होते.

ऑस्ट्रेलियातले दिवस या गोष्टीतले सगळ्यात विलक्षण आहेत, आणि मला वाटतं मालिकेचेही. युद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिशांना दहा पौंडांत प्रवास देऊन वसायला बोलावलं होतं. इंग्लंडहून आलेलं एक कामकरी कुटुंब, नवरा सुतार, बायको घर सांभाळते, मुलं शाळेत, यात कुणाला काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. अ‍ॅडलेड, मग मेलबर्न. १९६७ मध्ये तिसरा मुलगा झाला. रॉनी मेलबर्नला चॅनेल नाइन या टीव्ही वाहिनीच्या सेटचं बांधकाम करत होता! जगभरचे पोलिस ज्याला शोधताहेत तो टीव्हीच्या स्टुडिओत फळ्या ठोकतोय. हा तपशील पटकथाकाराने मनाने घातला असता तर संपादकाने खोडून टाकला असता.

या काळात बिग्ज कुटुंब खरोखर सुखी होतं असं दिसतं, आणि हीच गोष्ट पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. त्यांना हवं होतं ते इतकंच : घर, अंगण, पगार, शनिवार-रविवार. रॉनीने ५०० पौंड उसने मागितले होते तेही यासाठीच. एवढ्या साध्या गोष्टीसाठी इतकं मोडतोडीचं काम करावं लागलं का, हा प्रश्न मालिका विचारत नाही, पण मनात उठू देते.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये माग लागला. रॉनी आधीच निसटला होता. पोलिस घरात आले तेव्हा समोर चार्मियन आणि मुलं. चौथा निर्णय इथे आहे आणि तो आधीच्या तिन्हींपेक्षा वेगळा आहे, कारण यावेळी ती मागे राहते. रॉनी पुढे काही महिने लपून, मित्राच्या पासपोर्टवर जहाजाने निघाला आणि १९७० मध्ये रिओला पोचला. चार्मियनने आपली कहाणी ऑस्ट्रेलियातल्या प्रसारमाध्यमांना विकली आणि त्या पैशावर संसार सावरला. खोट्या नावाने आलेली असूनही तिला देशात राहू दिलं गेलं. पदरी मुलं, त्यातलं एक तिथेच जन्मलेलं, आणि लोकांची सहानुभूती तिच्या बाजूची.

कहाणी विकली, या शब्दांपाशी नाक मुरडणारे पुष्कळ. मला ते ढोंग वाटतं. रॉनीने पुढे तीसेक वर्षं आपली कहाणी हप्त्याहप्त्याने विकली. पर्यटकांबरोबर फोटो, मुलाखती, पंक बँडबरोबर ध्वनिमुद्रण, काय काय. त्याला लोक खोडकर म्हणाले. चार्मियनने एकदा विकली ती तीन मुलांसाठी, आणि नवरा परत येणार नाही हे दिसत असताना. तरी एक गोष्ट खरी की तो पैसाही शेवटी दरोड्याचाच पैसा होता, फक्त वळसा घालून आलेला.

१९७१ च्या जानेवारीत थोरला मुलगा मोटार अपघातात गेला, दहा वर्षांचा. रॉनी रिओत. तो येऊ शकत नव्हता. आला असता तर थेट तुरुंगात गेला असता. त्याने शरण जायचा विचार केला, पण केलं नाही. फरारीपणाची किंमत पौंडांत मोजणाऱ्यांनी हा प्रसंग पाहावा. इथे मालिका आवाज खाली आणते आणि शेरिडन स्मिथला फारसं बोलावंच लागत नाही. तिच्या अभिनयाबद्दल मी वेगळा परिच्छेद लिहिणार होतो. गरज नाही, हा भाग पाहिला की पुरे. एवढंच म्हणेन की पहिल्या भागातली शिष्ट घरातली मुलगी आणि शेवटची बाई यांच्यातलं अंतर ती मेकअपवर सोडत नाही. बोलण्याची पट्टी, खांदे, समोरच्याकडे पाहायला लागणारा वेळ, सगळं बदलत जातं. डॅनियल मेजचा रॉनी लाघवी आहे आणि तो तसाच हवा. रॉनी लाघवी नसता तर चार्मियन मूर्ख ठरली असती.

पाचवा निर्णय १९७४ चा. स्कॉटलंड यार्डचे जॅक स्लिपर रॉनीला पकडायला रिओत उतरले. ब्रिटन आणि ब्राझीलमध्ये प्रत्यार्पणाचा करार नव्हता. त्यातून रॉनीची तिथली मैत्रीण रायमुंडा गरोदर निघाली, आणि ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे होणाऱ्या ब्राझिलियन मुलाच्या बापाला देशाबाहेर काढता येत नव्हतं. स्लिपर रिकाम्या हाताने परतले. विमानात त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो सगळीकडे छापून आला आणि देश हसला.

चार्मियनला हसण्यासारखं काही नव्हतं. ती ऑस्ट्रेलियाहून ब्राझीलला जाऊन त्याला भेटली. ज्याच्यासाठी तिने आईबाप, देश, स्वतःचं नाव सोडलं, त्याची सुटका आता दुसऱ्या बाईच्या पोटातल्या बाळावर अवलंबून होती. ती घटस्फोटाला तयार झाली. म्हणजे शेवटचा होकारही पुन्हा त्याच्याच सुटकेला. वाल्याच्या बायकोने एका वाक्यात जे केलं ते करायला हिला सतरा वर्षं लागली, आणि तेही नकाराच्या रूपात आलं नाहीच. त्यानंतर मात्र ती मेलबर्नमध्ये विद्यापीठात शिकली, पदवी घेतली, लेखन-संपादनात काम केलं आणि बिग्ज हे आडनाव टाकून ब्रेंट झाली.

दुसरी बायको

आता मालिकेच्या उणिवेकडे.

जॅक मिल्स इंग्लंडमधल्या क्रू या गावचे. त्या पहाटेनंतर डोकेदुखीने त्यांची पाठ सोडली नाही. १९७० मध्ये ते ल्युकेमियाने वारले. त्या घावाने मृत्यू ओढवला असं वैद्यकीयदृष्ट्या ठरलं नाही, पण त्यांचं पुढचं आयुष्य मोडलं याबद्दल घरच्यांना कधी शंका नव्हती. त्यांचे इंजिनावरचे सहकारी डेव्हिड व्हिटबी १९७२ मध्ये हृदयविकाराने गेले, वय अवघं ३४. मिल्स यांनाही बायको होती. तीही एका पहाटेनंतर दुसऱ्याच माणसाबरोबर संसार करू लागली, आणि तिने तर काहीच निवडलं नव्हतं.

मालिकेच्या रचनेत मिल्स परिघावर राहतात. याचं तयार उत्तर असं की चार्मियन तिथे नव्हती, तिने घाव पाहिला नाही, मग कॅमेरा कसा पाहील? हे उत्तर मला पटत नाही. दृष्टिकोन म्हणजे डोळ्यांपुढे घडलेलं एवढंच नसतं, माणसाला ठाऊक असलेलं सगळं त्यात येतं. चार्मियन वर्तमानपत्रं वाचत होती. खटल्याच्या काळात मिल्स यांचं बांधलेलं डोकं देशभर छापलं जात होतं. रॉनीने घाव घातला नव्हता, पण त्याने आणलेला चालक नापास झाला म्हणूनच मिल्स यांना पुन्हा गाडी चालवायला बसवलं गेलं, म्हणजे रॉनीच्या चुकीचा धागा नेमका तिथे जुळतो. एखाद्या रात्री बायकोने नवऱ्याला याबद्दल विचारलं असेल की नाही? विचारलं असेल तर त्याने काय सांगितलं? नसेल तर का नाही? चार्मियनच्याच नजरेत राहूनही हा प्रश्न कथेच्या मधोमध ठेवता आला असता, आणि त्याने ती लहान झाली नसती. उलट तिचे होकार आणखी महाग ठरले असते.

ही टीका पोप यांच्या आधीपासूनची आहे. बस्टर एडवर्ड्स या दुसऱ्या दरोडेखोरावर १९८८ साली सिनेमा आला. त्यातही नवरा-बायकोचं प्रेम मधोमध होतं. गुन्ह्याला गोड केल्याची ओरड झाली आणि प्रिन्स चार्ल्स व डायना यांनी पहिल्या खेळाला जायचं रद्द केलं. बायकोची कहाणी सांगताना हा धोका अंगभूतच आहे. प्रेम दाखवलं की प्रेमपात्राचा गुन्हा आपोआप सौम्य होतो, संगीत वाजवावंच लागत नाही. त्या सिनेमापेक्षा ‘मिसेस बिग्ज’ कितीतरी कडक आहे, पण धोका तोच.

सल्लागार कोण होती

या प्रकरणाची आणखी एक बाजू निर्मात्यांना विचार करायला लावणारी आहे. चार्मियन ब्रेंट स्वतः या मालिकेची सल्लागार होती. त्याने मिळालं काय ते उघड आहे. संसाराचे असे तपशील, जे कुठल्याही खटल्याच्या कागदपत्रांत सापडले नसते. तिने स्वतःची चोरी लपवली नाही, स्वतःचे होकार लपवले नाहीत, हे तिच्या प्रामाणिकपणाचं आणि लेखकाच्या पाठपुराव्याचं श्रेय.

पण जी बाई खोलीत बसून पटकथा वाचते आहे, तिच्यासमोर मिल्स यांचा प्रश्न किती जोरात विचारता येतो? यासाठी कुणी बंदी घालावी लागत नाही. माणसं चांगली असतात, एकमेकांना सांभाळून घेतात, आणि एखादा प्रसंग लिहायचाच राहून जातो. सत्यकथेवर नाटक करणाऱ्यांनी सल्लागार एकाच बाजूचा असला तर दुसऱ्या बाजूचं वाचन दुप्पट करावं, इतकंच यातून मला सुचतं. मिल्स आणि व्हिटबी दोघेही २०१२ मध्ये हयात नव्हते, त्यांच्या वतीने पटकथेच्या समासात कुणी काही लिहिणार नव्हतं.

गंमत अशी की रॉनीही काही लिहिणार नव्हता, म्हणजे बोलणार नव्हता. २००१ मध्ये परतल्यावर तो तुरुंगात गेला. प्रकृती ढासळल्यावर २००९ च्या ऑगस्टमध्ये त्याला दयेपोटी सोडलं. मालिका लागली तेव्हा पक्षाघाताच्या झटक्यांनी त्याची वाचा गेलेली होती, आणि अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून तो संवाद साधत असे. आयुष्यभर आपलीच गोष्ट रंगवून सांगणारा माणूस गप्प, आणि पहिल्यांदाच सगळा देश बायकोची बाजू ऐकतो आहे. न्याय म्हणावा की सूड, हे पाहणाऱ्याने ठरवावं. मला तो निव्वळ वेळेचा खेळ वाटतो.

वर्षभराने बीबीसीने याच दरोड्यावर दोन भागांचं नाटक केलं, लेखक ख्रिस चिबनॉल. पहिला भाग दरोडेखोरांच्या बाजूने, दुसरा पोलिसांच्या. पहिला भाग लागला १८ डिसेंबर २०१३ ला. त्याच दिवशी रॉनी बिग्ज वारला. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर तीन बाजू झाल्या : चोर, पोलिस आणि चोराची बायको. बीबीसीचं नाटक योजना आणि तपास यांत चोख आहे, आणि पहिल्या भागात दरोड्याची आखणी पाहताना आपण नकळत टोळीच्या यशाची वाट पाहू लागतो. ‘मिसेस बिग्ज’ पाहताना तसं होत नाही. तिथे आपण वाट पाहतो ती या बाईने एकदा तरी नाही म्हणण्याची, आणि ती म्हणत नाही तेव्हा आपल्याला राग येतो तो रॉनीचा, तिचा नाही. पुन्हा पाहायला बसणाऱ्यांनी हा राग कुठल्या प्रसंगी कुणाकडे वळतो ते टिपून ठेवावं. पोप यांनी तो कधीकधी मुद्दाम वळवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या भागांत तो काही वेळ आपल्याच अंगावर येतो, कारण तोवर आपणही मनातल्या मनात हे घर पकडलं जाऊ नये असं म्हणत असतो.